बायकांना बोलायला शिकवण्याआधी मीटिंग तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अकरा जणांची टीम, त्यात चार स्त्रिया. त्यांतली सर्वांत अनुभवी सहकारी तुमच्याकडे तक्रार घेऊन आली, की मीटिंगमध्ये तिचं म्हणणं हवेत विरून जातं आणि दहा मिनिटांनी तेच दुसऱ्या कुणी मांडलं की ‘व्वा, छान मुद्दा’ होतो. पुरुष सहकाऱ्यांचं म्हणणं, ती सरळ बोलतच नाही, मग आम्हाला कळणार कसं? एचआरने ‘स्त्री-पुरुषांच्या संवादशैली’वर एक दिवसाचं ट्रेनिंग सुचवलंय. ते घ्यावं का?

आत्ता तरी घेऊ नका. असली ट्रेनिंग घेऊनच माझं घर वीस वर्षं चाललंय, त्यामुळे हा सल्ला माझ्याच पोटावर पाय देणारा आहे. तरीही.

पहिली सात-आठ वर्षं मी अगदी हेच शिकवायचे. फळ्यावर दोन रकाने. पुरुष मुद्द्याचं बोलतात, स्त्रिया नात्याचं बोलतात. पुरुष उत्तर देतात, स्त्रिया ऐकून घेतात. लोक हसायचे, नवरा-बायकोचे किस्से निघायचे, फीडबॅक फॉर्मवर पाचपैकी पाच. मग दुपारच्या सत्रात मी बायकांना ‘शेपटं कापायला’ लावायचे. ‘माफ करा, पण’, ‘मला आपलं वाटतं’, ‘चुकत असेन कदाचित’, ‘हो ना?’ हे सगळं बोलण्यातून काढा आणि वाक्य सरळ टाका. त्यातल्या एकीने ते मनापासून केलं. आठ महिन्यांनी तिचा फोन आला. अप्रेझलमध्ये साहेबांनी लिहिलं होतं, ‘कामात उत्तम. अलीकडे वागण्यात ताठा आला आहे.’ ती म्हणाली, ‘मॅडम, आता परत माफ करा म्हणायला लागू का?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या फोननंतर मी या विषयातले अभ्यास नीट वाचायला बसले, आणि माझ्या फळ्यावरचे दोन्ही रकाने बऱ्यापैकी पुसावे लागले.

तुमच्या पुरुष सहकाऱ्यांच्या तक्रारीपासून सुरू करू, कारण ती खोटी नाही. तुमची ती सहकारी आडून बोलत असेलही. पण का? अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ रॉबिन लेकॉफ यांनी 1973 मध्ये मांडलं, की अशी शेपटं हे स्त्रियांच्या बोलण्याचं लक्षण आहे. ते निरीक्षण बरंचसं स्वतःच्या आणि ओळखीतल्यांच्या बोलण्यावर उभं होतं. पुढे विल्यम ओबार आणि बोमन अ‍ॅटकिन्स यांनी नॉर्थ कॅरोलिनातल्या कोर्टांमध्ये साक्षीदारांचं बोलणं तपासलं. 1980 मध्ये ते प्रसिद्ध झालं. चित्र वेगळंच निघालं. ज्याची समाजात पत कमी, ज्याला कोर्टाची सवय नाही, तो पुरुष असला तरी चाचरत, शेपटं लावत बोलत होता. तज्ज्ञ म्हणून साक्ष देणारी बाई मात्र खडखडीत बोलत होती. म्हणून त्यांनी त्याला ‘बायकी भाषा’ न म्हणता ‘सत्ता नसलेल्यांची भाषा’ म्हटलं. साध्या अनुभवाने बघा ना, घरी हुकूम सोडणारा माणूस बड्या साहेबाच्या केबिनमध्ये ‘सर, एक छोटीशी शंका होती’ असंच सुरू करतो.

याहून गमतीचा पुरावा मादागास्करचा. एलिनॉर ओक्स यांनी 1970च्या सुमारास तिथल्या एका गावात अभ्यास केला. तिथे वळणावळणाने, कुणाला न दुखावता बोलणं ही पुरुषांची कला. त्याला मान होता. तोंडावर बोलणं, रागावणं, बाजारात घासाघीस करणं ही बायकांची कामं, आणि म्हणूनच रोखठोक बोलणं तिथे हलक्या दर्जाचं मानलं जायचं. म्हणजे शैली उलटी झाली, पण मान ज्याच्याकडे जायचा त्याच्याकडेच गेला. ही गोष्ट मी आता प्रत्येक सत्रात सांगते. ‘बायका जात्याच आडून बोलतात’ म्हणणारे मिनिटभर तरी गप्प बसतात.

‘बायका फार बोलतात’ हेही निकालात काढू. तोक्यो ऑलिम्पिकच्या आयोजन समितीचे अध्यक्ष योशिरो मोरी 2021च्या फेब्रुवारीत म्हणाले, की बायका जास्त असल्या की बैठका लांबतात. त्यावरून त्यांना पद सोडावं लागलं. मोजणाऱ्यांनी हे मोजलेलंही आहे. मथायस मेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये 396 विद्यार्थ्यांच्या अंगावर रेकॉर्डर लावले. दोन्हीकडे दिवसाला साधारण 16000 शब्द. 2025 मध्ये त्याच पद्धतीने दोन हजारांहून जास्त माणसं तपासली, तेव्हा 25 ते 64 या वयात स्त्रिया दिवसाला सुमारे तीन हजार शब्द जास्त बोलताना आढळल्या. इतर वयोगटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पण माणसामाणसातला फरक त्याच्या कित्येक पट. काही दिवसाला शंभरही शब्द बोलत नव्हते, काही लाखाच्या पुढे. तुमच्या टीममध्येही तो घुम्या आणि तो बडबड्या, दोघेही पुरुषच असतील. जॅनेट हाइड यांनी 2005 मध्ये स्त्री-पुरुषांतल्या फरकांवरच्या 46 एकत्रित विश्लेषणांचा (म्हणजे अनेक अभ्यासांचे निकाल जोडून केलेल्या विश्लेषणांचा) आढावा घेतला, तेव्हा त्यांतले 78 टक्के फरक नगण्य किंवा लहान निघाले. एवढ्या लहान फरकांवर एक दिवसाचं ट्रेनिंग उभं करणं म्हणजे पायाच नसलेल्या घरावर मजला चढवणं.

मग तुमच्या सहकारीला जे जाणवतंय ते खोटं का? मुळीच नाही. फरक बोलण्यात थोडा असतो, ऐकण्यात मोठा असतो. हे सगळ्यांत नेमकं सांगितलं ते बेन बॅरेस या स्टॅनफर्डच्या मेंदूशास्त्रज्ञाने. ते जन्माने स्त्री म्हणून वाढले, चाळिशीत पुरुष म्हणून जगू लागले. माणूस तोच, मेंदू तोच, संशोधन तेच. त्यांच्या एका व्याख्यानानंतर कुणीतरी म्हणालं, बेनने आज छान मांडणी केली, त्याचं काम त्याच्या बहिणीपेक्षा कितीतरी चांगलं आहे. बहीण म्हणजे ते स्वतःच, आधीच्या नावाने. 2006 मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी हे लिहिलं, आणि वर असंही, की आता पुरुषाने मध्ये न तोडता मला अख्खं वाक्य पूर्ण करता येतं.

ऐकण्यातला हा फरक आपल्या शब्दांतच मुरलेला आहे. ताडकन बोलणारा पुरुष ‘रोखठोक’, ‘करारी’, ‘स्पष्टवक्ता’. तशीच बोलणारी बाई ‘फटकळ’, ‘तोंडाळ’, ‘कजाग’. ‘कजाग पुरुष’ असं तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत? माझी ती आठ महिन्यांनी फोन करणारी विद्यार्थिनी नेमकी या दोन रांगांच्या फटीत सापडली होती. शेपूट लावलं तर ‘आत्मविश्वास नाही’, कापलं तर ‘ताठा’. येल विद्यापीठातल्या व्हिक्टोरिया ब्रेस्कॉल यांच्या प्रयोगात, जास्त बोलणाऱ्या पुरुष सीईओची लायकी लोकांनी वाढवून धरली आणि तितकंच बोलणाऱ्या स्त्री सीईओची कमी. धरणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. त्यामुळे ‘तुम्ही जरा जोरात बोला’ हा सल्ला फुकट नसतो. त्याची किंमत तीच मोजते, तुम्ही नाही.

आता प्रत्यक्ष. मी हल्ली ट्रेनिंगआधी मीटिंगमध्ये कोपऱ्यात एक कागद घेऊन बसते. उभे रकाने नावांचे. आडवे चार: किती वेळा बोलले, किती वेळा तोडलं गेलं, कुणी तोडलं, मुद्दा पुढे कुणाच्या नावाने गेला. बस्स. अशीच एक मीटिंग आठवते. नऊ जण, विषय डिलिव्हरीची तारीख. चौदाव्या मिनिटाला टेस्टिंग बघणारी म्हणाली, ‘मला वाटतं, तारीख दोन आठवडे पुढे नेली तर बरं, कारण…’ ‘कारण’पाशीच समोरून आलं, ‘क्लायंट ऐकणार नाही.’ चर्चा क्लायंटच्या स्वभावावर गेली. एकदोघे त्या क्लायंटची नक्कल करून हसले. तेविसाव्या मिनिटाला टेबलाच्या टोकाचा एक जण म्हणाला, ‘टेस्टिंग धरलं तर अजून दोन आठवडे लागणारच.’ मॅनेजर म्हणाले, ‘करेक्ट! हे लिहून घ्या.’ आणि लिहून कोण घेत होतं? तीच. तिने वर न बघता लिहिलं, मुद्द्यापुढे कंसात त्याचं नाव टाकलं.

नंतर कागद दाखवला तेव्हा तो सहकारी पांढराफटक पडला. त्याला खरंच आठवत नव्हतं की ती आधी बोलली होती. तो चोर नव्हता. तिचं वाक्य त्याच्या कानावरून गेलं, डोक्यात कुठेतरी पडलं, आणि नऊ मिनिटांनी स्वतःचा विचार म्हणून वर आलं. आणि चौदाव्या मिनिटाला तिला तोडणारी कोण होती? दुसरी स्त्रीच. 2015च्या एका छोट्या प्रयोगात, एड्रिएन हॅनकॉक आणि बेंजामिन रुबिन यांच्या, चाळीस जणांच्या गप्पा तपासल्या होत्या. समोर स्त्री असली की पुरुषही जास्त वेळा तोडतात आणि स्त्रियाही. ते वाचून मी माझ्याच एका सत्राचं रेकॉर्डिंग ऐकलं. दीड तासात अकरा वेळा मी लोकांना मध्ये तोडलं होतं. नऊ वेळा समोर बाई होती. विषय ‘ऐकण्याचं कौशल्य’.

इथे एक सावधगिरी. मध्ये बोलणं म्हणजे प्रत्येक वेळी तोडणं नसतं. ‘हो हो, अगदी!’ असं म्हणत दोघं एकमेकांवर चढून बोलत असतात, तो उत्साह असतो. 1975च्या एका गाजलेल्या अभ्यासात स्त्री-पुरुषांच्या गप्पांतल्या 48 पैकी 46 वेळा पुरुषांनीच तोडलं होतं, आणि हा आकडा अजून फिरतो. पण संभाषणं मूठभर होती. 1998 मध्ये 43 अभ्यास एकत्र केले तेव्हा फरक बराच लहान निघाला. समोरच्याचा मुद्दा हिसकावून घेणारं तोडणं वेगळं मोजलं तेव्हा मात्र तो वाढला. म्हणून कागदावर खूण फक्त तेव्हाच करा, जेव्हा बोलणाऱ्याचं वाक्य अर्धवट राहिलं आणि पुन्हा तिथे कुणी आलं नाही.

तीन मीटिंग मोजा. कुणाला सांगू नका की का मोजताय. स्वतः मोजता येत नसेल, कारण तुम्हीच बोलत असता, तर ऑनलाइन कॉलचं रेकॉर्डिंग सगळ्यांच्या परवानगीने घ्या आणि नंतर ऐका. बहुतेक मॅनेजरांना पहिला धक्का स्वतःच्याच रकान्यात बसतो.

मग माणसं बदलायला न जाता नियम बदला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापेक्षा वजनदार बायका कुठल्या खोलीत बसत असतील? तरी 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की 2015 साली न्यायमूर्तींच्या बोलण्यात आलेल्या व्यत्ययांपैकी सुमारे 66 टक्के तीन महिला न्यायमूर्तींच्या वाट्याला आले होते. त्यांना कुणी ‘आत्मविश्वासाने बोला’ शिकवायची गरज होती का? 2021च्या ऑक्टोबरपासून तिथे वकिलाची वेळ संपल्यावर प्रत्येक न्यायमूर्तीला ज्येष्ठतेच्या क्रमाने प्रश्न विचारायची स्वतंत्र पाळी मिळू लागली. या बदलामागे असल्या अभ्यासांचा हात होता, असं न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी जाहीरपणे सांगितलं.

तुमच्यासाठी ज्येष्ठतेचा क्रम उलटा करा. विषय मांडल्यावर तीन मिनिटं सगळ्यांनी आपापलं म्हणणं कागदावर दोन ओळींत लिहायचं. मग वाचायचं, सर्वांत नवख्यापासून. तुम्ही शेवटी. तुम्ही आधी बोललात की उरलेली फेरी म्हणजे तुमच्या मताला माना डोलावणं. पहिल्या दोन वेळा हे शाळेसारखं वाटेल, कुणीतरी चेष्टा करेल. करू द्या. तुमच्या टीममधले दोन-तीन अबोल पुरुषही या फेरीत पहिल्यांदा तोंड उघडतील.

दुसरं, निर्णयाची पद्धत. क्रिस्टोफर कार्पोविट्झ आणि टाली मेंडलबर्ग यांनी 2012 मध्ये दाखवलं, की पाच जणांच्या गटात स्त्रिया कमी असतील आणि निर्णय बहुमताने होणार असेल, तर त्या पुरुषांच्या तीन चतुर्थांशही बोलत नाहीत. निर्णय एकमताने करायचा म्हटलं की ही तफावत नाहीशी होते. कारण सरळ आहे: जिच्याशिवाय निर्णय होणारच नाही, तिचं ऐकावंच लागतं. तुमच्याकडे अकरात चार, म्हणजे हात वर करून ठरवण्याची सवय असेल तर ती आधी सोडा. प्रत्येक वेळी एकमत शक्य नसतं, मान्य. पण ‘कुणाची हरकत नाही ना?’ असं हवेत विचारण्याऐवजी ज्याचं काम त्या निर्णयाने अडणार आहे त्याला नाव घेऊन विचारता येतं.

तिसरं, मुद्द्याला मालक ठेवा. ओबामांच्या काळात व्हाइट हाउसमधल्या महिला अधिकाऱ्यांनी आपसात ठरवलं होतं, की एकीने मुद्दा मांडला की दुसरीने तो तिच्या नावासकट पुन्हा म्हणायचा. चांगली युक्ती आहे. पण ते ओझं पुन्हा बायकांनीच का वाहायचं? तुमच्या खुर्चीवरून ते फुकटात होतं. ‘हेच मघाशी टेस्टिंगकडून आलं होतं, तिथेच परत जाऊ. कारण काय सांगत होतात?’ एवढं वाक्य. आवाज चढवायचा नाही, ज्याने उचललं त्याला टोचायचं नाही.

आणि मिनिट्स, म्हणजे मीटिंगच्या नोंदी, लिहिणं पाळीने. हे क्षुल्लक वाटतं, पण लिहिणारा बोलू शकत नाही. लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांच्या 2017च्या प्रयोगांत, ज्यातून पुढे काही मिळत नाही अशी कामं अंगावर घ्यायला स्त्रिया पुरुषांपेक्षा 48 टक्के जास्त वेळा पुढे आल्या. मिश्र गटातच हं. फक्त पुरुष असतील तेव्हा पुरुष निमूटपणे पुढे येत होते. म्हणून ‘कोण लिहितंय?’ हा प्रश्न विचारूच नका, यादी लावा.

एक ठिकाण असं आहे जिथे शैलीतला फरक मला खरंच वारंवार दिसतो: ‘हं’. काही जण ‘हं’ म्हणतात म्हणजे ‘ऐकतोय, पुढे बोल’. काहींचा ‘हं’ म्हणजे ‘पटलं’. पहिला अर्थ बायकांत जास्त आढळतो असं अभ्यासक सांगतात. मग ‘तेव्हा तर हं हं म्हणत होती, आता म्हणे मान्य नाही’ हे भांडण होतं. कॅमेरा बंद असलेल्या कॉलवर तर हमखास. उपाय एका वाक्याचा: ‘पटलंय की नुसतं ऐकताय?’

आता तुम्ही विचारलं नाहीत ते. तुमच्या हातात अप्रेझल आहे, आणि खरं नुकसान तिथे होतं. किएरन स्नायडर यांनी 2014 मध्ये 248 कामगिरी-आढावे जमवून वाचले. शास्त्रीय नमुना नव्हे, ओळखीपाळखीतून गोळा केलेले. त्यांत ‘बोचरी’ अशा अर्थाचा शब्द स्त्रियांबद्दल 17 वेळा आला, पुरुषांबद्दल एकदाही नाही. माझ्याकडे येणारे पुरुष मॅनेजर उलट बाजूनेही अडकलेले असतात. बाईला कडक फीडबॅक दिला तर ती रडेल, तक्रार करेल, गैरसमज होईल, या भीतीने ते ‘छान चाललंय, असंच चालू ठेवा’ लिहून मोकळे होतात. शेजारच्या पुरुषाला मात्र ‘तुझा अंदाज दोनदा चुकला, पुढच्या वेळी सुट्टे भाग आधी मोज’ असं कामाचं सांगतात. दोन वर्षांनी पुढे कोण जाणार ते उघड आहे.

त्यासाठी माझी एक चाचणी. लिहिलेला आढावा घ्या आणि ‘ती’चा ‘तो’ करा. आपल्या भाषेत नुसतं नाव झाकून भागत नाही, क्रियापदंही चुगली करतात, तेव्हा ‘बोलते’चं ‘बोलतो’ही करा. मग मोठ्याने वाचा. ‘तो जरा भावनिक होतो. त्याने थोडं हसतमुख राहावं.’ कानाला खटकलं? काढा. त्याऐवजी घडलेलं लिहा: ‘मंगळवारच्या कॉलवर क्लायंटचं वाक्य तीनदा तोडलं, त्यानंतर त्याने माहिती देणं थांबवलं.’ हे कुणालाही लागू पडतं आणि सुधारताही येतं.

शेवटी तिच्याशी बोलणं. तिला ‘तुम्ही ठामपणे मांडत जा’ म्हणू नका, आणि ‘त्यांच्या मनात तसं काही नसतं’ असंही नको. नसेलही, पण ती मनाबद्दल तक्रार करत नाहीये, मुद्द्याबद्दल करतेय. मोजून झाल्यावर कागद घेऊन जा. ‘तुम्ही म्हणालात ते मी तीन मीटिंग बघितलं. तुमचं बोलणं सहा वेळा अर्धवट राहिलं, त्यात दोनदा माझ्यामुळे.’ आकडा जो निघेल तो सांगा. शून्य निघाला तर तेही सांगा आणि तिला कुठली मीटिंग आठवतेय ते विचारा. मग थांबा. ती लगेच बोलेलच असं नाही. ती शांतता भरून काढायची घाई तुम्ही करू नका.

आणि एचआरने बजेट संपवायचाच हट्ट धरला, तर ट्रेनरला अट घाला: आधी तीन मीटिंग कोपऱ्यात बसायचं, मग बोलायचं. पहिल्याच स्लाइडवर गुलाबी मेंदू आणि निळा मेंदू दिसला, तर तिथूनच परत पाठवा. मी आले तरी.